झांझिबारमधलं घर: नफा, जोखीम आणि बाहेर पडायचं दार

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्या खेड-दापोलीच्या मोहल्ल्यांत पैसा कुठे घालायचा याचा फार विचार कुणी करत नसे. आखातातून पैसा आला की आधी गावात घर, मग मुंब्रा-कौसा किंवा मिरा रोडला फ्लॅट, आणि उरलं तर सोनं. आता प्रश्न बदललाय. ‘तुर्कस्तानात फ्लॅट घेऊ का?’ ‘केनियात प्लॉट कसा आहे?’ ‘झांझिबारला समुद्राकाठी घर मिळतंय, बघू का?’ असे मेसेज मला येतात. मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीच्या हिशेब विभागात बावीस वर्षं काढल्यामुळे लोकांना वाटतं की मला यातलं कळतं. थोडं कळतं. घर कसं बांधतात यापेक्षा घराचे पैसे कुठून कुठे जातात, हे मी जास्त पाहिलंय.

या वेळी विचारणारा माझा सख्खा भाचा होता. मस्कतलाच पंधरा वर्षं एसी-रेफ्रिजरेशनच्या कामात. त्याला झांझिबारमधल्या एका प्रकल्पात एक लाख डॉलरचा फ्लॅट दाखवला गेला होता. म्हणजे साधारण साडेअडतीस हजार ओमानी रियाल. बुकिंगला तीस टक्के, उरलेले दोन वर्षांत हप्त्यांनी. हप्त्यांवर व्याज नाही. म्हणाला, “मामू, नुसतं नको म्हणू नका. हिशेब दाखवा.” मी त्याला जो हिशेब दाखवला, तोच इथे मांडतोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी त्याची बाजू. ती कमजोर नाही.

आखातात काम करणाऱ्या आपल्या माणसाला पेन्शन नसते. नोकरी सुटली की ग्रॅच्युइटीची रक्कम हातात येते आणि व्हिसा संपतो. ओमानीकरणाची टांगती तलवार असते ती वेगळीच. २०१८च्या जानेवारीत ओमानने ८७ प्रकारच्या कामांसाठी परदेशी माणसांना नवे व्हिसा देणं सहा महिन्यांसाठी थांबवलं आणि पुढे ती मुदत वाढवली, तेव्हा आमच्या खोलीतली निम्मी माणसं रात्र रात्र जागी होती. अशा माणसाला कुठून तरी दरमहा येणारं उत्पन्न हवं असतं. बँकेतल्या ठेवीचं व्याज आपल्यातल्या बहुतेकांना नको असतं. मग उरतं काय? भाडं. म्हणून आपला माणूस जमीन आणि घर याकडे इतरांपेक्षा जास्त ओढला जातो, आणि हे विकणाऱ्यांनाही पक्कं माहीत असतं.

त्यात झांझिबार मस्कतहून परकं वाटत नाही. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४०च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला हलवली होती. आजही मस्कतच्या जुन्या वस्त्यांत स्वाहिली बोलणारी ओमानी कुटुंबं भेटतात. माझ्या ऑफिसातला एक ओमानी सहकारी आईशी फोनवर स्वाहिलीतच बोलायचा. बेटावर बहुसंख्य वस्ती मुसलमानांची, पाच वेळची अजान, खाण्याची अडचण नाही, नारळ, फणस, आंबा, लवंग, आणि समुद्र तर आपल्या हर्णै-मुरूडसारखाच. स्टोन टाउन हे जुनं शहर २०००पासून जागतिक वारसा यादीत आहे. युरोपातून पर्यटक येतात, डॉलर-युरोत पैसे देतात. दुबईत एका खोलीच्या फ्लॅटला जे मोजावं लागतं, त्यात इथे समुद्राजवळ घर मिळतं. आणि एक लाख डॉलरच्या वरचं घर घेतलं की तिथे राहण्याचा परवाना मिळू शकतो, हे एजंट दर तिसऱ्या वाक्याला सांगतो.

चलनाचा मुद्दाही भाच्याच्या बाजूचा होता. किंमत डॉलरमध्ये, भाडं बऱ्याच अंशी डॉलरमध्ये. २०१४ साली साठ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर दहा वर्षांत चौऱ्याऐंशीपर्यंत गेला. म्हणजे घराची किंमत जागची हलली नाही तरी खेडला परत येणाऱ्या माणसाच्या रुपयांत ती वाढलेली असते. याउलट तुर्कस्तान बघा. २०१८च्या सुरुवातीला एका डॉलरला चारपेक्षा कमी लिरा मिळत होते, २०२४च्या अखेरीस पस्तीस. ज्यांचं भाडं लिरात येत होतं, त्यांना आकडा दरवर्षी मोठा दिसला आणि पैसा लहान होत गेला. झांझिबारमध्ये ही भीती तुलनेने कमी. हे मी आधीच कबूल करून टाकलं.

आता भाड्याचा हिशेब.

माहितीपत्रकात असं लिहिलेलं होतं: रात्रीचं भाडं ९० डॉलर, वर्षातल्या ७० टक्के रात्री घर भरलेलं, म्हणजे वर्षाला जवळजवळ २३ हजार डॉलर. सगळा खर्च वजा जाता १२ टक्के परतावा. मी कागद घेतला आणि दोनच आकडे बदलले. झांझिबारला मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा पर्यटक कमी. नव्या वसाहतीत एकाच वेळी शेकडो सारखीच घरं भाड्याला निघतात, म्हणजे भाव खाली. म्हणून ७०ऐवजी ४५ टक्के रात्री आणि ९०ऐवजी ७५ डॉलर धरले. १६४ रात्री, १२,३०० डॉलर.

यातून बुकिंगच्या वेबसाइटचे १५ टक्के गेले, १,८४५. घराची देखभाल करणारी, चाव्या देणारी, चादरी बदलणारी कंपनी २५ टक्के घेणार, ३,०७५. वीज, पाणी, साफसफाई, धुलाई यांचे २,०००. सोसायटीचा खर्च १,५००. खाऱ्या हवेत एसी, नळ, बिजागऱ्या, रंग किती टिकतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, त्यासाठी १,०००. उरले २,८८० डॉलर. म्हणजे लाखावर तीन टक्क्यांहूनही कमी, आणि तिथला कर अजून धरलेलाच नाही.

भाचा म्हणाला, “मामू, तुम्ही वाईटच धरलंय.” मी म्हटलं, वाईट नाही, मधलं धरलंय. वाईट म्हणजे २०२०, जेव्हा विमानंच बंद झाली. तेव्हा भाडं शून्य होतं आणि सोसायटीचा खर्च चालूच होता.

बारा टक्के किंवा तीन टक्के, यातलं कुठलंही खरं ठरू शकतं. पण जोखीम मोजायची ती खालच्या आकड्यावर. वरचा आकडा आला तर अल्लाचे आभार मानायचे. खालचा आला तर घर चालेल का, एवढाच प्रश्न आधी विचारायचा.

त्याच्याकडे आणखी एक उत्तर होतं: “बिल्डर तीन वर्षं आठ टक्के भाड्याची हमी देतोय.” ही हमी नीट समजून घ्यायला हवी. तीन वर्षं आठ टक्के म्हणजे चोवीस हजार डॉलर. शेजारच्या प्रकल्पात हमी नसलेलं तसंच घर केवढ्याला आहे, ते आधी विचारा. ते पंचाहत्तर-ऐंशी हजारांना असेल, तर हमी म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्यांनी परत मिळताहेत. शिवाय हमी लिहून देणारी कंपनी कोणती? ज्या कंपनीने इमारत बांधली तीच, की फक्त हमीपुरती काढलेली दुसरी? कागदावरची हमी सही करणाऱ्याच्या ऐपतीएवढीच असते.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट म्हणजे ‘हलाल गुंतवणूक’ हा शब्द. हप्त्यांवर व्याज नाही, हे चांगलं आहे. पण व्याज नाही म्हणजे जोखीम नाही, असं नसतं. आपल्या फिक्हमध्ये ‘ग़रर’ नावाचा विचार आहे: ज्या सौद्यात काय मिळणार, कधी मिळणार, मिळणार की नाही हेच धूसर आहे, त्यापासून दूर राहा. अजून न बांधलेली वस्तू बनवून घेण्याचा सौदा ‘इस्तिस्ना’ म्हणून चालतो, पण त्यात वस्तूचं वर्णन आणि किंमत पक्की लागते. भाच्याच्या करारात ताबा देण्याची तारीख ‘अंदाजे’ होती, मजल्याचा नकाशा ‘बदलू शकतो’ असं होतं, आणि हप्ता चुकला तर भरलेल्या रकमेतला मोठा भाग बिल्डरकडे राहणार, हे मात्र अगदी स्पष्ट होतं. एका बाजूला सगळं धूसर आणि दुसऱ्या बाजूला सगळं पक्कं असा कागद असेल, तर त्यावर कुठलाही पवित्र शब्द छापलेला असो, मला तो हलका वाटत नाही.

हप्ता चुकणार कशाने? नोकरी गेल्याने. म्हणजे ज्या दिवशी त्याला पैशाची सर्वांत जास्त गरज असेल, त्याच दिवशी हा सौदा त्याच्याकडून पैसे खेचून घेईल. दोन संकटं वेगवेगळ्या वेळी आली तर माणूस निभावून नेतो. इथे दोन्ही एकाच दोरीला बांधलेली होती. माहितीपत्रकात जोखमीबद्दल अर्धं पान होतं, पण त्यात हे नव्हतं, कारण ही जोखीम झांझिबारची नाही, त्याच्या मस्कतच्या व्हिसाची आहे.

आता जमिनीबद्दल. गरीब किंवा वाढत्या देशात घर घेताना आपण भिंती बघतो, खरी किंमत मात्र भिंतींखालच्या कागदाची असते.

झांझिबारमध्ये जमीन सरकारची आहे. १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे क्रांती झाली, सुलतान गेला, आणि नव्या सरकारने जमीन ताब्यात घेतली. गरीब शेतकऱ्यांना तीन-तीन एकरांचे तुकडे वाटले. अरब आणि हिंदी लोकांची घरं, दुकानं, बागा गेल्या. माझ्या त्या सहकाऱ्याच्या आजोबांचं स्टोन टाउनमधलं नक्षीदार दरवाजाचं घर त्यातच गेलं. हजारो माणसं मारली गेली, उरलेली मस्कत, दुबई, इंग्लंडला पळाली. ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा स्टोन टाउनमध्ये जन्मलेल्या बलसारा या पारशी घरातला. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला तो मुलगा १९६४ मध्ये आईवडिलांबरोबर झांझिबार सोडून इंग्लंडला गेला.

म्हणून आजचा परदेशी माणूस तिथे जमिनीचा मालक होत नाही. त्याला मुदतीचा पट्टा मिळतो, जास्तीत जास्त ९९ वर्षांपर्यंतचा. २०१०च्या कायद्याने फ्लॅट-सोसायट्यांना चौकट मिळाली आणि मंजूर प्रकल्पांतली घरं परदेशी लोकांना घेता येऊ लागली. हे वाईट नाही. केनियातही २०१०च्या संविधानाने परदेशी माणसाला ९९ वर्षांहून जास्त पट्टा मिळत नाही. ज्या देशाच्या जमिनी एकदा बाहेरच्यांच्या हातात गेल्या होत्या, त्याने असं कुंपण घालणं मला समजतं. पण मग आपण काय विकत घेतोय, हेही समजायला हवं. आपण घर नाही, वर्षं विकत घेतो. मूळ पट्टा बिल्डरच्या नावे असतो, त्याला अटी असतात: अमुक मुदतीत बांधकाम, अमुकच वापर, वार्षिक भुईभाडं. अटी बिल्डरने मोडल्या तर त्याचा चटका वरच्या मजल्यावरच्या तुम्हालाही बसू शकतो.

कुणी म्हणेल, १९६४ ची गोष्ट आज कशाला? मी ती भीती दाखवायला सांगत नाही. पण आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांजवळ या बाबतीत जी आठवण आहे, ती कुठल्याच गुंतवणूक सल्लागाराजवळ नसते. रत्नागिरी-रायगडची कोकणी मुसलमान घराणी मोंबासाला, नैरोबीला, केप टाऊनला गेली. केप टाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग ११ फेब्रुवारी १९६६ रोजी फक्त गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसांची घरं पाडली गेली. टांझानियाच्या मुख्य भूमीवर १९७१ मध्ये एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारजमा झाल्या. त्यात बहुतेक मालक हिंदी होते. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवस दिले. त्यांतल्या काहींना नव्वदच्या दशकात घरं परत मिळाली, पण वीस वर्षांनी, आणि तीही ज्यांनी कागद जपले होते आणि कोर्टाच्या चकरा मारायची ज्यांची ऐपत होती त्यांनाच.

या सगळ्यांतून मी एकच गोष्ट घेतो. तोटा घराच्या किमतीमुळे होत नाही, बाहेर पडायचं दार बंद झाल्यामुळे होतो. किंमत पडली तर माणूस थांबतो, वाट बघतो. दुबईत २००८-०९ मध्ये किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या, कितीतरी प्रकल्प अर्धवट राहिले. पण ज्यांचं घर बांधून पूर्ण होतं, नोंदणी झालेली होती आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हतं, त्यांनी काही वर्षं भाडं खाल्लं आणि पुढे बरा भाव आल्यावर विकलं. ते वाचले कारण घेणारा समोर होता, नोंदणीचं ऑफिस चालू होतं आणि पैसे देशाबाहेर नेता येत होते. हे तीन दरवाजे उघडे असले की जोखीम सोसवते.

झांझिबारमध्ये हे तीन दरवाजे कसे आहेत, ते भाच्याने विचारावं असं मी सुचवलं. पहिला प्रश्न: या प्रकल्पातलं एखादं घर पहिल्या मालकाने दुसऱ्याला विकलंय का? असेल तर केवढ्याला, आणि नाव बदलायला किती महिने लागले? दुसरा: नाव बदलताना सरकारी फी, कर, वकील, दलाली आणि बिल्डरची परवानगी यांचा मिळून खर्च किती? तिसरा: विक्रीचे डॉलर मस्कतच्या किंवा खेडच्या खात्यात आणायला काय कागद लागतात? चौथा: मूळ पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत, आणि त्या पट्ट्यावर बिल्डरने बँकेचं कर्ज काढलंय का?

एजंटचा आवाज पहिल्या प्रश्नालाच बदलला. तोवर दहा-दहा मिनिटांनी उत्तर देणारा माणूस चार दिवस गप्प. मग म्हणाला, “आमचा प्रकल्प नवा आहे, लोक घर धरून ठेवताहेत, कुणाला विकायचंच नाही.” असेलही. पण मला त्यामागची दुसरी शक्यता दिसते. पहिला टप्पा विकला गेला की बिल्डर दुसरा टप्पा काढतो, मग तिसरा. नवीन घर, नवा नकाशा, तीस टक्के भरा, उरलेले हप्त्यांनी. त्याच वेळी तुम्ही पाच वर्षं जुनं घर विकायला काढता आणि एकदम लाख डॉलर मागता. घेणारा कुणाकडे जाईल? तुमचं घर विकत घेणाराच तुमच्या बिल्डरचाही ग्राहक असतो. अशा ठिकाणी किंमत वाढलेली दिसते ती बिल्डरच्या नव्या दरपत्रकात. तुमच्या हातात ती यायची तर घेणारा पाहिजे.

राजकारणाचाही एक शब्द. झांझिबार शांत बेट आहे, पण निवडणुकीच्या वर्षी ते शांत नसतं. २००१च्या जानेवारीत पेम्बा बेटावर निदर्शकांवर गोळीबार होऊन माणसं मेली. २०१५च्या ऑक्टोबरची निवडणूक रद्द झाली आणि मार्च २०१६ मध्ये पुन्हा घेतली गेली, त्यावर मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार घातला. पर्यटक अशा बातम्या वाचून दुसरं बेट निवडतो, तुमचा सोसायटीचा खर्च मात्र तसाच राहतो. आणखी एक प्रश्न मी मुद्दाम विचारायला सांगितला: या किनाऱ्यावर आधी कोण राहत होतं, कुणाच्या होड्या लागत होत्या, आणि त्यांना काय मिळालं? हा फक्त नीतीचा प्रश्न नाही. ज्या जमिनीवरून कुणाला रडवून उठवलंय, तिचा वाद तीस वर्षांनीही उभा राहतो. कोकणात आपण हे रोज बघतो.

कोकणाचंच बोलायचं तर, आमच्या घराण्याच्या वडिलोपार्जित बागेच्या सातबाऱ्यावर आज तेवीस नावं आहेत. त्यातले काही पाकिस्तानात, काही केनियात, काही कबरीत. चाळीस कलमांची बाग, पण फवारणीला कुणी पैसे देत नाही, कारण वाटणी झालेली नाही. तलाठी ओळखीचा, भाषा आपली, तहसील अर्ध्या तासावर, तरी आमच्याने फेरफार होत नाही. हे ज्याने पाहिलंय त्याने समुद्रापलीकडचा कागद करताना दहा वेळा थांबावं.

खरा विषय इथे आला, आणि तो मी काढला नाही. हा सगळा हिशेब व्हिडिओ कॉलवर चालू होता. माझी भाचेसून खेडहून त्यात होती, इतका वेळ गप्प. ती म्हणाली, “मामू, उद्या यांना काही झालं, तर तिथे मी फोन कुणाला करायचा?”

भाच्याकडे उत्तर नव्हतं, एजंटकडेही नव्हतं. तिथल्या घराचा वारसा तिथल्या कोर्टातून येणार. झांझिबारमध्ये काझी कोर्टं आहेत, वाटणीचा शरई कायदाही ओळखीचा आहे, पण निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, मृत्यूचा दाखला यांची भाषांतरं, शिक्के, वकील, विमानाची तिकिटं, हे सगळं इद्दत संपायच्या आत डोक्यावर येणार त्या बाईच्या, जी आजवर मुंबईच्या पलीकडे गेलेली नाही. एक लाख डॉलरचं घर तिच्यासाठी त्या दिवशी मालमत्ता नसेल, ओझं असेल. मी बावीस वर्षांत कितीतरी कामगारांच्या मृत्यूनंतरचे हिशेब केले. ग्रॅच्युइटी घरच्यांपर्यंत पोचायला महिने लागत, आणि तिथे तर कंपनी, दूतावास आणि कागद करणारे आम्ही लोक होतो.

म्हणून माझं म्हणणं असं. परदेशातलं घर विकत घेताना पैशाचे तीन कप्पे करा. पहिला, मुलांचं शिक्षण आणि आईवडिलांचं औषध. दुसरा, परत येऊन राहायचं घर आणि दोन वर्षांचं जेवण. या दोन्हींना हात लावायचा नाही. तिसरा, जो बुडाला तर झोप उडेल पण चूल बंद होणार नाही. परदेशातलं घर फक्त तिसऱ्या कप्प्यातून. भाच्याची पंधरा वर्षांची शिल्लक चोवीस हजार रियाल होती. त्यातला तिसरा कप्पा निघाला सहा हजारांचा. लाख डॉलरचं घर त्यात कुठेच बसत नव्हतं. ज्याच्या तिसऱ्या कप्प्यात लाख डॉलर आहेत, त्याला मी झांझिबार नको म्हणणार नाही. त्याने जावं, आणि मोठ्या पावसात जावं, जेव्हा छत गळतं आणि रस्ता दिसत नाही. बांधून पूर्ण झालेलं घर बघावं, नकाशातलं नाही. वकील स्वतःचा घ्यावा, बिल्डरने सुचवलेला नाही. पट्ट्याची नोंद आपल्या डोळ्यांनी बघावी. आणि बायकोला सोबत न्यावं, कारण कदाचित एक दिवस तिलाच ते कुलूप उघडायचंय.

भारतात राहणाऱ्यांसाठी थोडं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, घरासाठीसुद्धा. मात्र घरासाठी वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस कापते. तो विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. हवाल्याने पैसे पाठवायचा सल्ला कुणी दिला तर तिथेच उठून या, कारण ज्या पैशाची जाण्याची नोंद नाही त्याला परत यायला रस्ता नसतो. परदेशात राहून घेतलेलं घर, कायमचे परत आल्यावरही ठेवता येतं. पण भारतात पूर्ण रहिवासी झालात की ते दरवर्षी विवरणपत्रात दाखवावं लागतं. न दाखवल्यास २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. आपल्याकडची साधीसुधी माणसं इथेच सापडतात, चोरी करून नव्हे, फॉर्म न भरून.

भाच्याने बुकिंग केलं नाही. एजंटने त्याला दोन आठवडे रोज फोन केला, मग किंमत पाच टक्के उतरवली, मग फोन थांबले. ते घर पुढे दुप्पट भावाने विकलं जाऊ शकतं, आणि तसं झालं तर तो मला लग्नाकार्यात टोमणे मारेल, याचीही माझी तयारी आहे. चांगला निर्णय आणि चांगला नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नफा नशिबाचा असतो. निर्णय मात्र त्या दिवशी हातात असलेल्या कागदावरच तोलायचा.

आता तो सहा हजार रियालचं काय करायचं ते बघतोय. मी सुचवलंय की त्यातले थोडे आधी सातबाऱ्यावरच्या तेवीस नावांचा गुंता सोडवायला खर्च कर. बाग आपलीच आहे, फक्त तिच्याही बाहेर पडायच्या दाराला वर्षानुवर्षं कडी लागलेली आहे.